आडनाव नसलेली घरं

पुण्यात तुम्ही नाव सांगता आणि समोरचा थांबतो. मी म्हणते, "हिरा." तो थांबतो. चेहऱ्यावर हसू, भुवया जरा वर. अजून काहीतरी यायचं बाकी आहे असा तो चेहरा. मीही थांबते. मग तो विचारतोच, "हिरा... पुढे?"

पुढे काय, पुढे रस्ता आहे. पण त्याला आडनाव हवं असतं, आणि आडनावातून काय काढायचं असतं ते त्याला माहीत असतं आणि मलाही. खोली भाड्यानं द्यायची की "आत्ताच गेली हो" म्हणायचं, पाणी कुठल्या पेल्यातून द्यायचं, "तुमच्यातही आता शिक्षण चांगलं वाढलंय" हे कौतुक करायचं की नाही, सगळं त्या एका शब्दावर अडलेलं असतं.

म्हणून आमच्या डब्यांवर पहिला नियम होता. आडनाव विचारायचं नाही.

डबे म्हणजे संगणक, कंपन्यांनी भंगारात काढलेले. तीन डबे होते. एक खडकीत माझ्याकडे, बाबांच्या कपाटाशेजारी. एक येरवड्यात शहेजादकडे, त्याच्या वडिलांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, फळीवर. एक कोथरूडला अनिरुद्धकडे, एसीच्या खोलीत, कारण त्याच्याकडे एसी होता. मी खडकी बाजारात कॉम्प्युटर क्लास घ्यायचे, शहेजाद नेटवर्कच्या तारा ओढायचा, अनिरुद्ध हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत होता. ओळख झाली ती अशाच एका परदेशी डब्यावर. तिथं आम्ही तिघं टोपणनावानं होतो आणि एकमेकांना अमेरिकन समजत होतो. खडकी, येरवडा आणि कोथरूड निघालं तेव्हा हसून पोट दुखलं. मग म्हटलं, आपलेच डबे का नकोत?

डब्यावर चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, तुमचा फोटो मागणारं कोणी नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आपण आपल्या संगणकावरून इंटरनेटनं यायचं, स्वतःच ठरवलेलं एक नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की डब्यात तुमची एक जागा. तिला आम्ही घर म्हणायचो. घरात काय वाट्टेल ते लिहा, पण घर उघडं. कोणीही कोणाच्याही घरात शिरून वाचावं. कुलूप लावायला बंदी नव्हती, पण कोणी लावलंच तर लोक दारात चिठ्ठी टाकून जायचे, 'सोनं ठेवलंय काय?' माझे बाबा, भीमराव, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एका बोटानं टाइप करून युनियनच्या जुन्या पुढाऱ्यांची सालटी काढायचे. त्यांच्या घरात रोज गर्दी.

मंदीच्या त्या वर्षी, दोन हजार नऊला, आम्ही तिन्ही डबे जोडले. करार साधा होता. एका डब्यानं माणूस घेतला की बाकीच्या दोघांनी तो घेतला. कोण, कुठला, कोणाचा, विचारायचं नाही. शहेजादनं ज्याला आत घेतलं तो माझ्या घरचा. माणसाचं नाव तिन्हीकडे एकच. आणि तिघांचा मिळून एक फळा. फळ्यावर कोणीही लिहावं, ते तिन्ही डब्यांवर उमटायचं आणि बाहेरच्या जगालाही दिसायचं. खाली 'लिहिणार' म्हणून नाव असायचं, पण ते माणसानं टाकायचं नाही, मशीननं टाकायचं. कोणी दुसऱ्याच्या नावावर काही खपवू नये म्हणून. एवढी आमची हुशारी.

त्या हुशारीनं काय केलं ते आता सांगते.

शनिवारी दुपारी अनिरुद्धचा फोन आला. मी क्लासमध्ये पोरांना एक्सेल शिकवत होते.

"हिरा, फळ्यावरचं 'पिवळं कुपन' वाचलंस?"

"वाचलं. खालचं नाव बघायचं राहिलं. कोणी लिहिलंय रे? जबरदस्त लिहिलंय."

"अक्षतानं. आमच्या कंपनीतली. आणि आमच्या मॅनेजरनं ते वाचलंय. सोमवारी तिला आत बोलावलंय. चौकशी. ती जाणार गं हिरा, नोकरी जाणार तिची. मंदीत त्यांना कारणच हवंय."

'पिवळं कुपन' मी पुन्हा काढून वाचलं. लांब नव्हतं. एका कंपनीच्या मजल्यावर जेवणाची कुपनं दोन रंगांची. कायम माणसांची हिरवी, कंत्राटी माणसांची पिवळी. जेवण एकच, रांगा वेगळ्या, टेबलं वेगळी. पुढे असं होतं:

'कंत्राटावरच्या एका मुलीला साहेबांनी विचारलं, कुठे राहतेस? ती म्हणाली, येरवडा. साहेब म्हणाले, आत की बाहेर? सगळे हसले. तीही हसली. नंतर एकदा मजल्यावरून एक लॅपटॉप गेला. मजला माणसांनी भरलेला होता. पिशवी उघडली एकीचीच. टेबलावर उपडी केली. डबा, ओढणी आणि बाईच्या पिशवीत जे असतं ते. समोरच्या खुर्चीतली बाई स्क्रीनकडे बघत राहिली. स्क्रीन बंद होता. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत सापडला. पिशवी परत भरायला मात्र कोणी आलं नव्हतं.'

कंपनीचं नाव नव्हतं, माणसांची नावं नव्हती. पण हसलेल्या माणसांना नावं लागत नाहीत. श्रीनिवास नावाच्या त्या मॅनेजरनं स्वतःचा विनोद ओळखला. खाली मशीननं टाकलेलं नाव वाचलं. लिहिणार, अक्षता. मजल्यावर अक्षता एकच.

"पण अक्षता म्हणते तिनं लिहिलंच नाही," अनिरुद्ध फोनवर सांगत होता. "रडतेय. आता मशीन थोडंच खोटं बोलतं? मी पाहिलंय ना, माझ्या डब्यावर स्वच्छ अक्षताच आहे."

मी क्लासमधूनच माझ्या डब्यावर खालचं नाव बघितलं. खाली लिहिलं होतं, लिहिणार, भीमराव.

मी घरी पळाले. बाबा खाटेवर आडवे होते.

"बाबा, फळ्यावर कुपनाचं काही लिहिलंत?"

"कसलं कुपन?"

मी वाचून दाखवलं. बाबा उठून बसले. "मी असं लिहीन? मी लिहिलं असतं तर त्या साहेबाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ही बाई कुणीतरी शांत डोक्याची आहे."

"बाई कशावरून?"

"पिशवीतलं जे असतं ते, असं म्हणून सोडून दिलंय. पुरुष असता तर सांगत बसला असता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शहेजादला फोन लावला. "तुझ्या डब्यावर 'पिवळं कुपन' कुणाच्या नावावर दिसतंय?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"शहेजाद?"

"कात्री," तो म्हणाला.

झालं होतं ते असं. मशीन माणसाला नावानं ओळखत नाही, क्रमांकानं ओळखतं. नाव आपल्यासाठी असतं. तिन्ही डब्यांवर आम्ही पहिल्या माणसाला एक हजार एक दिला होता आणि पुढे मोजत गेलो होतो. डबे जोडताना नावं तिन्हीकडे सारखी केली. क्रमांक कोण बघतो? फळाही नवाच, खालचं नाव दोन डब्यांवर ताडून बघायची वेळ कोणावर आली नव्हती. एक हजार सात हा येरवड्याला कात्री होता, खडकीला माझे बाबा आणि कोथरूडला अक्षता. फळ्यावरचा मजकूर क्रमांक घेऊन तिन्हीकडे फिरत होता आणि प्रत्येक डबा आपल्याकडचं नाव त्याला चिकटवत होता. आडनाव नको, जात नको, धर्म नको म्हणत आम्ही अशी एकी केली की एकीचं लिहिणं दुसरीच्या गळ्यात पडलं. चूक तिघांची. हे असलं फक्त आम्हीच करू शकतो.

"कात्री कोण आहे?" मी विचारलं.

"ते विचारायचं नाही असं ठरलंय ना?" शहेजाद म्हणाला, आणि फोन ठेवला.

रविवारी आम्ही येरवड्याला शहेजादच्या वडिलांच्या, दादामियाँच्या दुकानात जमलो. अक्षताही आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. साधी, सडसडीत, डोळे सुजलेले. आईवडील गावाकडे, धाकट्या भावाचं शिक्षण तिच्यावर. हे तिनंच सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. दादामियाँ दुकानाच्या तोंडाशी बसून एक जुनं मशीन खोलत होते. "अरे, पानी तो दो इनको," म्हणाले आणि पुन्हा स्क्रूकडे वळले. आत पडद्यामागे कोणीतरी दुरुस्त झालेलं मशीन चालवून बघत होतं. टकटकटक, थांब. टकटकटक, थांब. फळीवर आमचा डबा हिरवा दिवा मिचकावत होता.

"सोपं आहे," अनिरुद्ध म्हणाला. "आत्ताच्या आत्ता क्रमांक दुरुस्त करू. अक्षताचं नाव निघून जाईल."

"श्रीनिवासनं त्याचा फोटो काढून ठेवलाय," अक्षता म्हणाली. "छापून घेतलंय. आता नाव बदललं तर म्हणेल, बघा, पुरावा पुसला."

"मग फळाच बंद करू. डबे तोडू. माझा डबा माझ्यापुरता, तुमचे तुमच्यापुरते."

"वा," मी म्हणाले. "आग लागली की कोथरूडचा बंब पहिला स्वतःच्या घरावर."

"हिरा, टोमणे नंतर मार. माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे. डबा माझ्या नावावर आहे."

"तुला आडनाव आहे ना, ते वापर की."

त्यानं फळीवरच्या डब्याकडे तोंड वळवलं. मला बरं वाटलं आणि लगेच वाटेनासंही झालं. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या आयुष्यात नावापुढे थांबणारा माणूस त्याला कधी भेटला नव्हता.

अक्षता शहेजादकडे वळली. "तुम्हाला माहितीये ना, कात्री कोण आहे?"

"माहितीये."

"मग सांगा."

"नाही सांगणार."

"का?"

"नियम आहे."

"नियम?" तिचा आवाज चढला. दादामियाँनी मान वर केली. "माझं नाव खाली चिकटलं तेव्हा कुठं होता नियम? मी तुमच्याकडे स्वतःच्या खऱ्या नावानं आले. घर उघडं ठेवा म्हणालात, ठेवलं. कुणावर विश्वास ठेवून? तुमच्या क्रमांकांवर? ज्यानं लिहिलं तो मजेत घरी बसलाय आणि उद्या मी त्या खोलीत एकटी उभी राहणार."

"तिची नोकरी तुमच्यापेक्षा कच्ची आहे," शहेजाद म्हणाला, आणि ओठ चावला. बोलून गेला होता.

"तिची?" अक्षता म्हणाली. "म्हणजे आमच्याच कंपनीत आहे. कंत्राटावर?"

आतलं मशीन थांबलं होतं. मला आत्ता जाणवलं की ते बराच वेळ थांबलेलं होतं.

मी मध्ये पडले. "हे बघ, एक मार्ग आहे. खडकीच्या डब्यावर ते बाबांच्या नावावर दिसतंय. बाबा तयार आहेत. म्हणतात, सांग, मी लिहिलं. ऐकीव गोष्ट होती, लिहिली. निवृत्त माणसाला कोण काय करणार? पेन्शन सरकार देतं, श्रीनिवास नाही. अक्षता सुटेल, कात्रीही सुटेल."

"परफेक्ट," अनिरुद्ध म्हणाला. "एकदम परफेक्ट."

"अजिबात नाही."

पडदा बाजूला झाला. गळ्यात मोजपट्टी, बोटाला दोरा गुंडाळलेला. शहेजादची बहीण अलिझा. मी तिला या दुकानात अनेकदा पाहिलं होतं. डब्याची वायर आडवी आली की ती उचलून बाजूला ठेवणारी मुलगी, एवढीच माझी ओळख. मला वाटायचं, हिला या सगळ्याचा त्रास होत असेल.

"अंदर जा," शहेजाद म्हणाला.

"भाई, तू चूप." मग ती आमच्याकडे वळली. "माझं लिहिलेलं भीमराव काकांच्या नावावर? छान आहे. पिशवी माझी उपडी केली आणि आता लिहिणंही दुसऱ्याला वाटून टाका."

अक्षता तिच्याकडे बघतच राहिली. रंग उतरला होता. "तू? ते तू लिहिलंस?"

"का? मराठी बरी आहे म्हणून?"

अक्षतानं मान खाली घातली आणि हळू म्हणाली, "श्रीनिवासलाही तुझा संशय आला नाही. चौकशीचं बोलावणं आलं तेव्हा मीच मुद्दाम म्हटलं होतं, पिशवीवाल्या त्या मुलीनं लिहिलं असेल. तो म्हणाला, ती? असं मराठी? छे."

"बघा," अलिझा आम्हा सगळ्यांना म्हणाली. "माझं रक्षण त्याच्या अडाणीपणानं चाललंय. तुमच्या नियमानं नाही." मग माझ्याकडे वळली. "हिराताई, राग नका मानू. आडनाव विचारायचं नाही हा नियम तुमच्या सोयीचा आहे. तुम्ही हिरा म्हणून थांबू शकता. समोरच्याला पुढचं विचारावं लागतं. मी अलिझा म्हटलं की विचारायला काही उरतच नाही. आडनाव गाळून माझं काय लपतं? म्हणून कात्री झाले. दोन वर्षं माझं घर वाचून सगळे म्हणताहेत, कात्री काय लिहिते, कात्री काय लिहिते. आणि मी इथं तुम्हाला पाणी देते."

इतकी वर्षं मी त्या थांबणाऱ्या चेहऱ्यांना शिव्या घालत आले होते, आणि ज्यांच्यासाठी कोणी थांबतसुद्धा नाही त्यांचा हिशेब माझ्या नियमात नव्हताच.

"मी माझं नाव टाकते," अलिझा म्हणाली. "पूर्ण. आत्ता."

"आणि उद्या?" शहेजाद ओरडला. "कंत्राटाच्या एजन्सीला एक फोन, बस. अब्बांच्या दुकानात किती येतं माहितीये ना तुला? कोण मशीन दुरुस्त करतं आता? रेडिमेड घालतात लोक."

"घरकू आग लगानी क्या?" दादामियाँ एवढंच म्हणाले, पण ते कोणाला म्हणाले ते कळलं नाही. कदाचित दोघांनाही.

"थांबा," अक्षता म्हणाली. ती अजून अलिझाकडेच बघत होती. "तू आज काही टाकू नकोस. मी सोमवारी आत जाईन. तीन डबे उघडून दाखवीन. एकाच मजकुराला तीन नावं. माझं नाव चुकीनं लागलंय हे सिद्ध होईल."

"आणि तो विचारेल, मग खरी कोण?" अलिझा म्हणाली. "आता तुला माहीत आहे."

"हो."

"सांगशील?"

अक्षतानं तोंड उघडलं, मिटलं. "माहीत नाही," ती म्हणाली. निदान खोटं तरी बोलली नाही.

अलिझानं मान हलवली. "समोरच्या खुर्चीतली बाई तूच होतीस. हे तू वाचताना ओळखलंस की नाही?"

"ओळखलं."

"स्क्रीन बंद होता?"

"बंद होता," अक्षता म्हणाली.

अलिझा पडद्यामागे गेली. टकटकटक सुरू झालं आणि या वेळी ते थांबलं नाही.

सोमवारी मी क्लासला दांडी मारली आणि हिंजवडीला गेले. आत मला कोण सोडणार? गेटवर नाव, आडनाव, कुणाला भेटायचंय, सगळं विचारतात. समोर टपरी होती, तिथं बाकावर बसले. जिथं बसले तिथं आधी ऊस असणार. टपरीवाला भैरू तिथलाच होता. "आमचंच रान हाय ते," काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाला, "आता आतमदी जायला पास लागतो." मी चहावर चहा पीत राहिले. कंपनीच्या बसेस येत होत्या, गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवलेली माणसं उतरत होती. पट्टेही दोन रंगांचे होते. हे मी आजवर कधी बघितलं नव्हतं.

फोन हातातच होता. अक्षता आत होती. अलिझाही आत होती, त्याच मजल्यावर, सॉफ्टवेअरच्या चाचणीची तिची पाळी चालू. एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द उच्चारला तर एक सुटणार आणि दुसरी जाणार. मी कुणाच्या बाजूनं प्रार्थना करणार? प्रार्थना करायची सवयही नाही. मला राग येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. श्रीनिवास तर ठरलेलाच. पण आम्हीही. उघडी घरं म्हणे. घर उघडं ठेवायचं असेल तर भिंत कुणाची आहे ते आधी बघावं लागतं.

जेवणाच्या सुट्टीत अक्षता बाहेर आली. रस्ता न बघताच ओलांडला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"पाणी दे आधी."

प्यायली.

"तीनही डबे उघडून दाखवले," ती म्हणाली. "अक्षता, भीमराव, कात्री. तो हसला. म्हणाला, छान, म्हणजे तुम्ही टोळीच आहात. मग म्हणाला, हे कात्री कोण? मी म्हटलं, सर, कोणी लिहिलं ते सोडा, लिहिलंय ते खरंय का खोटं? तर म्हणे, तो प्रश्न नाहीये."

"मग?"

"मग मी म्हटलं, मी तिथं होते. पिशवी उपडी केली तेव्हा समोर मीच बसले होते. हे खरं आहे. तुम्ही बोललात तेही खरं आहे, मीही हसले होते." ती थांबली. "बोलले गं मी हे. कसं बोलले माहीत नाही."

"आणि नाव?"

"नाही सांगितलं. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत नाव द्या, नाहीतर राजीनामा द्या. लेखी काही देणार नाही. नुसतं म्हणाला." तिनं माझा हात धरला. "हिरा, संध्याकाळपर्यंत माझ्याच्यानं निभेल का? भावाची फी भरायचीय. तो मला पुन्हा बोलावेल. चहा पाजेल. गोड बोलेल. मला माझीच खात्री नाहीये."

खात्री मलाही नव्हती. पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. शहेजाद.

"फळा बघितलास?" त्यानं विचारलं.

"मी रस्त्यावर आहे. काय झालं?"

"तिनं टाकलं. आत्ता. तिथूनच, ऑफिसच्या मशीनवरून. वाचून दाखवू?"

"वाच."

"'वरचं सगळं माझं आहे. अलिझा दादामियाँ शेख. राहणार येरवडा. बाहेरची बाजू.'"

मी ते अक्षताला शब्दाला शब्द सांगितलं. ती खाली बाकावर बसली.

"हिरा, ऐक," शहेजाद म्हणत होता, "पण कोथरूडच्या डब्यावर त्याच्या खाली मशीन अजून अक्षताच दाखवतंय. तिचं पूर्ण नाव, आणि खाली अक्षता. आता दुरुस्त करू ना?"

"कर. अनिरुद्धलाही सांग, आत्ताच्या आत्ता. आणि बाबांचं मी घरी गेल्यावर काढते. लिहिणारी तीच आहे, तिच्या नावावर असू दे."

शहेजादचा फोन ठेवते तोच अक्षताचा वाजला. तिनं तो कानापासून लांब धरला, मलाही ऐकू येत होतं. श्रीनिवास होता. आवाज मऊ, शिकलेला. "अक्षता, तुमचं मिटलं. या वर, जेवून घ्या, कामाला लागा. आपण मघाशी जे बोललो ते आपल्यातच राहू द्या. आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडा बरं का. तुमच्यासारखीनं कशाला त्यात?"

तिनं फोन बंद केला. तुमच्यासारखीनं म्हणजे कशीनं, हे तिनं मला विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. तिचं आडनाव मला अजून माहीत नाही. त्याला माहीत होतं.

अलिझा गेटशी आली तेव्हा आम्ही रस्त्याच्या या बाजूला होतो. पिवळा पट्टा गळ्यात नव्हता, काढून घेतला असणार. खांद्यावर तीच कापडी पिशवी. गार्डनं तिला टेबलाकडे वळवलं. जाताना पिशवी तपासायची. ती काही न बोलता पिशवी टेबलावर ठेवून उभी राहिली. मागून हिरव्या पट्ट्याची माणसं सिगारेट ओढायला बाहेर पडत होती, त्यांच्याकडे गार्ड बघतही नव्हता.

अक्षता उठली. मला वाटलं अलिझाला हाक मारेल, रडेल, माफी मागेल. ती सरळ रस्ता ओलांडून गेटमध्ये शिरली, वळली आणि बाहेर पडणाऱ्यांच्या रांगेत अलिझाच्या मागे उभी राहिली. गळ्यात हिरवा पट्टा. खांद्यावरची पर्स काढून तिनं टेबलावर ठेवली. मी मागोमाग गेले आणि गेटच्या आडव्या दांड्याच्या अलीकडे थांबले.

"मॅडम, तुमची नाही लागत," गार्ड म्हणाला.

"उघडा."

"नाही लागत, मॅडम. परमनंटची नाही बघायची, तशी ऑर्डर आहे."

"कुणाची ऑर्डर? उघडा म्हणतेय ना."

गार्ड गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. सिगारेटवाले थांबले. अक्षतानं स्वतःच चेन ओढली आणि पर्स टेबलावर उपडी केली. किल्ल्या, बसचा पास, हिरवी कुपनं, कंगवा, आणि बाईच्या पिशवीत जे असतं ते.

अलिझानं त्या पसाऱ्याकडे बघितलं. मग अक्षताकडे. चेहऱ्यावर काहीही मऊ नव्हतं.

"त्या दिवशी वेळ नव्हता वाटतं," ती म्हणाली.

"नाही," अक्षता म्हणाली. "त्या दिवशी घाबरले होते."

"आज?"

"आजही."

अलिझानं आपली पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेली. मग परत आली, टेबलाच्या कडेवरून पडायला आलेला कंगवा उचलला, पर्समध्ये टाकला. मग किल्ल्या. मग पास. एकेक वस्तू, घाई न करता, सगळे बघत असताना. हिरवी कुपनं तेवढी तिनं टेबलावरच ठेवली.

"ती घेऊन जा वर," ती म्हणाली. "जेवणाची सुट्टी संपत आलीये."

आणि दांड्याखालून बाहेर आली. मला ओलांडून जाताना थांबली.

"हिराताई, येरवड्याला जायला इथून कुठली बस?"

"दोन बदलाव्या लागतील," मी म्हणाले. "मीही त्याच बाजूला निघालेय."

मागे वळून बघितलं तर अक्षता टेबलाशीच उभी होती. कुपनं तिनं उचलली नव्हती आणि वरही गेली नव्हती. गार्ड तिला म्हणत होता, "मॅडम, आत का बाहेर ते ठरवा. गेट अडतंय."